बीमवरचं वजन

सोलापुरात इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन ‘रेग्युलेटर द्या’ म्हटलं की दुकानदार पंख्याचा रेग्युलेटर काढून काउंटरवर ठेवतो. स्वयंपाकघरात हाच शब्द काढला तर तो गॅसच्या टाकीवरचा. मला हवा होता तो तिसराच. बोटाच्या पेराएवढा, आणि काम एवढंच की मागून कमी-जास्त काहीही व्होल्ट येवोत, पुढे पाचच जावेत. त्याच्यापायी गेल्या उन्हाळ्याचे दोन महिने गेले. दिवसभर बँक, रात्री भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर मीटर, सोल्डरिंग गन आणि शेजारी खुर्ची ओढून बसलेले अण्णा.

सुरुवात माळ्यावरून झाली. दिवाळीच्या आवराआवरीत एका चादरीच्या पिशवीत आमचा व्हिडिओ गेम सापडला. १९९५ सालच्या दिवाळी बोनसमधून अण्णांनी आणलेला. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची ती नक्कल. वर कॅसेट खुपसायची खाच, मागे ९ व्होल्टच्या अडॅप्टरचं भोक, आणि ओढून ओढून मुळाशी पिचलेल्या वायरींचे दोन रिमोट. अण्णा तेव्हा पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. लूम अडला की ज्याला हाक जाते तो जॉबर. चोवीस लूमच्या धडधडीत उभं राहून कुठला लूम चुकतोय हे ते कानाने ओळखायचे. आता त्याच कानांना यंत्र लावावं लागतं.

दादा आणि मी त्या गेमवर अक्षरशः वाढलो. आणि त्या आठवणीत खेळाइतकीच लाईट आहे. संध्याकाळी ती जायची. त्या यंत्रात खेळ साठवायची सोय नव्हती, त्यामुळे सातव्या स्टेजला गेलेलं सगळं लाईट आल्यावर पहिल्यापासून. दादा रिमोट खाली ठेवायचा आणि काही न बोलता गच्चीवर जायचा. मला त्याचं ते न बोलणं अजून आठवतं.

दुसरी एक गोष्ट मात्र तेव्हा कळली नव्हती, आत्ता कळते. गल्लीतले कारखाने जोरात चालू असले की घरातला बल्ब पिवळा पडायचा. टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आत ओढल्यासारखं आखडायचं. पण त्या आखडलेल्या चित्रातला माणूस पळायचा त्याच वेगाने, उडी मारायचा तेवढीच. टीव्ही दमलेला असायचा, गेम दमायचा नाही. पेचकस घेऊन मी तो डबा उघडला तेव्हा त्याचं कारण समोर आलं. काळ्या डांबरी ठिपक्याखाली झाकलेली मुख्य चिप, आणि कडेला अॅल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळलेला ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. छपाई पुसट झालेली, पण तिरकं धरलं की वाचता येत होती. अडॅप्टरमधून आठ येवोत की बारा, तो पुढे पाच सोडत होता.

(लाईटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकीच्या देशाच्या ग्रीडशी एका लयीत जोडलं गेलं. तेव्हापासून सगळ्या देशाची वीज ५० हर्ट्झच्या एकाच ठोक्यावर चालते, आणि तो सांधा आमच्या गावात आहे. चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा यांच्या जोडीला ही गोष्टही सोलापूरकरांनी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.)

तर ठरवलं ते असं. हाच गेम हातात मावणारा करायचा. स्क्रीन त्यातच, बॅटरी त्यातच, लाईट गेली तरी चालू. नऊ वर्षांच्या लेकीसाठी म्हणून सुरू केलं, आणि दादाच्या त्या गच्चीवर जाण्यासाठीही.

पहिल्यांदा मी केलं ते कोणीही केलं असतं तेच. ७८०५ होता तिथेच ठेवला, अडॅप्टरच्या जागी लिथियमचे दोन सेल एकामागे एक जोडले. १८६५० म्हणतात ते, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे दोघांचे ८.४. ती अॅल्युमिनियमची पट्टी नव्या खोक्यात मावेना म्हणून काढून टाकली. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा ४.३ इंची स्क्रीन लावला, बारका स्पीकर लावला. चित्र आलं. लेक नाचली. सात-आठ मिनिटांनी स्क्रीन काळा. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालू, पुन्हा काळा.

अण्णा उठून आले. त्यांनी ७८०५ जवळ बोट नेलं, टेकवलं नाही, जवळ नेऊनच मागे घेतलं. मोटरच्या बेअरिंगवर हात ठेवून तिची तब्येत सांगणारा माणूस.

“हे तापायलंय बघ,” म्हणाले. “म्हणजे खायलंय.”

तंतोतंत खरं. जुन्या पंख्याचा खोक्यासारखा रेग्युलेटर आठवून बघा, पंखा एकवर ठेवला की तो गरम व्हायचा. पंख्याला न दिलेली वीज तो स्वतःच्या अंगात जाळत असे. ७८०५ ची जात तीच. याला लिनिअर रेग्युलेटर म्हणतात. मागून ८.४ आले, पुढे ५ द्यायचे, मधले ३.४ व्होल्ट उष्णता करून उडवायचे. माझा सगळा भार मीटरवर ६०० मिलीअँपिअरच्या आसपास येत होता. ३.४ गुणिले ०.६, म्हणजे दोन वॅट. पट्टीशिवायचा ७८०५ वॅटमागे साधारण ६५ अंशांनी तापतो, दोन वॅटला १३० अंश. त्यात आमचा मे महिना, खोलीतच ४० च्या वर. बेरीज १७० पार. आतला चिप दीडशेच्या आसपास स्वतःला वाचवायला बंद पडतो. तो बिचारा बरोबर वागत होता, मी त्याला चुकीच्या जागी उभं केलं होतं.

आणखी एक अडचण होती, उष्णतेपेक्षा खोल. ७८०५ ला पाच द्यायचे तर मागून निदान सात लागतात. दोन सेल उतरत उतरत सहापर्यंत जातात. म्हणजे सेलमध्ये चार्ज शिल्लक असतानाच पाचाचे साडेचार व्हायला लागणार. जुन्या चिपांना पाच व्होल्ट म्हणजे ४.७५ ते ५.२५ एवढीच मोकळीक. त्याखाली गेलं की गेम बंदही पडत नाही, बिघडतो. रंग भलते, माणूस भिंतीत अडकलेला. मला बंद पडलेलं चालतं, असं अर्धवट चालणं बघवत नाही.

दुसरा मार्ग स्विचिंगचा. हा रेग्युलेटर जास्तीची वीज जाळत नाही. तो एका कॉइलला सेकंदाला लाखो वेळा वीज देतो आणि तोडतो, कॉइल ती घोटाघोटाने पुढे सोडते, कपॅसिटर ते घोट एकसंध करतो. यात दोन जाती. मागे जास्त व्होल्ट असतील तर उतरवणारा बक, कमी असतील तर चढवणारा बूस्ट. बक घ्यायचा तर दोन सेल एकामागे एक, बूस्ट घ्यायचा तर दोन सेल बाजूबाजूला, म्हणजे व्होल्ट एकाचेच पण पोट दुप्पट.

कागदावर बक सरस दिसतो. कमी ताण, जास्त नेमका. तरी मी बूस्ट घेतला, आणि त्याचं कारण चार्जिंग आहे. दोन सेल मालिकेत असले की ते सारखे भरतायत की नाही हे बघणारं वेगळं सर्किट लागतं, ८.४ व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो. तो चार्जर हरवला की खेळणं माळ्यावर गेलं. आमचा गेम तसाच गेला होता, अडॅप्टर जळल्यावर. बाजूबाजूच्या सेलना टीपी ४०५६ चं छोटं चार्जिंग मॉड्यूल पुरतं, आणि घरातल्या कुठल्याही मोबाईलच्या चार्जरने ते भरतात. लेकीच्या हातात द्यायची वस्तू कुठल्याही घरात भरता आली पाहिजे. कार्यक्षमतेचे चार टक्के मी यावरून ओवाळून टाकले. (सेल बाजूबाजूला जोडण्याआधी दोघांचे व्होल्ट सारखे आहेत ना, ते मीटरने बघूनच जोडायचं. भरलेला सेल रिकाम्यात जोरात ओततो, आणि ते ओतणं धोक्याचं असतं.)

सुटे भाग इथे निम्मे मिळाले. उरलेल्यांसाठी एका शनिवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत. येताना गाडीत मी गेमबॉय या हातात मावणाऱ्या गेमचा विचार करत होते. १९८९ साली निन्टेंडोने तो काढला तेव्हा स्क्रीन हिरवट, मागे उजेडसुद्धा नाही, आणि गुनपेई योकोई या त्याच्या कर्त्याने ते जाणूनबुजून ठरवलेलं. चार पेन्सिल सेलवर तो दहा-बारा तास सहज चालायचा. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, उजळ, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत रिकामे. गेमबॉयच्या पोटात वीज सांभाळायला एक वेगळी छोटी पाटीच बसवलेली असते. खेळणं किती वेळ जगणार हे आधी ठरवून मग बाकीचं करणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

बूस्टसाठी मी एमटी ३६०८ नावाच्या चिपचं मॉड्यूल आणलं होतं, तीन नग. त्यावर निळा चौकोनी पोटेन्शिओमीटर असतो, पितळी स्क्रू फिरवून व्होल्ट लावायचे. नवीन मॉड्यूलचा स्क्रू कित्येक वेढे फिरवला तरी मीटरचा आकडा हलत नाही, मग एकदम हलायला लागतो. एका मॉड्यूलवर मी रात्री धीराने पाच लावले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी बँकेतून येऊन घाईने जोडलं ते त्या तिघांतलं दुसरंच. स्पीकरच्या अॅम्प्लिफायरच्या चिपमधून धुराची एक बारीक रेघ निघाली, आणि तो वास दोन दिवस पडद्याला होता. नंतर मोजलं, सव्वाअकरा व्होल्ट. स्क्रीनची वायर अजून जोडली नव्हती म्हणून तो वाचला.

टीव्ही दुरुस्त करणारे लोक असा स्क्रू लावून झाला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतात, धक्क्याने फिरू नये म्हणून. मी लेकीची गुलाबी बाटली मागून घेतली, आणि मग ती तशीच परत दिली. तो स्क्रूच नको असं वाटलं. या चिपचं गणित साधं आहे. पुढे गेलेल्या व्होल्टचा एक ठरावीक हिस्सा ती दोन रेझिस्टरमधून स्वतःकडे परत आणते आणि तो ०.६ व्होल्ट भरेल असं स्वतःला सावरत राहते. मॉड्यूलवर खालचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा होता. वर १६ किलोओहमचा लावला की हिशेब ४.९६ वर येतो. निळा चौकोन उपटून तिथे तो मोहरीएवढा रेझिस्टर डागला. आता त्या मॉड्यूलला पाचाशिवाय दुसरं काही येतच नाही.

याच दिवसांत एक आकडा मला छळत होता. सेल भरलेला असताना मॉड्यूल त्याच्यातून साधारण ८०० मिलीअँपिअर ओढत होतं. सेल उतरून ३.२ व्होल्टला आला की एक अँपिअरच्या वर. म्हणजे सेल जितका थकलेला, तितकी ओढ जास्त. पुढच्याला तीन वॅट हवेतच, व्होल्ट कमी पडले की अँपिअर वाढवून तेवढे भरायचे. बरोबर आहे हे कळत होतं, तरी बघताना बरं वाटत नव्हतं. मी ते अण्णांना मोठ्याने सांगितलं.

त्यांनी कानाचं यंत्र नीट बसवलं आणि टेबलावरचा लाटण्यासारखा सोल्डरचा रीळ हातात घेतला.

“हा बीम. पूर्ण भरलेला.” बीम म्हणजे लूमचा रूळ, कापडाचे उभे धागे त्याच्यावर गुंडाळलेले असतात. त्यांनी रिळाच्या तारेचं टोक माझ्या हातात दिलं. “तू कापड. तू ओढणार. मी बीमला नुसता सोडला तर धागे लोंबतील, म्हणून त्याच्या गळ्यात साखळी आणि साखळीला तरफेवर वजन. वजनाने बीम अडतो, तेवढा धाग्याला ताण.”

“बरं.”

“आता विणता विणता बीम बारीक झाला. वजन तेच ठेवलं तर काय होईल?”

मी विचार केला. बारीक रिळावरून तार ओढायला हात जवळून पडतो, जोर जास्त लागतो. “ताण वाढेल.”

“धागे तुटायला लागतात. म्हणून वजन तरफेवर आत आत सरकवत न्यायचं. एका बीमला किती वेळा सरकवलं त्याला मोजदाद नाही. नवीन पोरगं असलं की बीम बदलेपर्यंत वजनाकडं बघत नाही, आणि मग टॉवेल एका टोकाला घट्ट, एका टोकाला सैल.” त्यांनी तार बोटाने दाबून बघितली, कारखान्यात ताणा दाबून बघायचे तशी. “तुझ्या या मशीनला वजन सरकवायला कोण आहे?”

मी त्या काळ्या सहा पायांच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. तांदळाच्या दाण्याहून लहान. ते ०.६ व्होल्ट आणि स्वतःचा हिशेब, सेकंदाला बारा लाख ठोके. अण्णा चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी ते काम हाताने केलं होतं.

मला तेव्हापासून ती वाढती ओढ खुपेनाशी झाली. बीम बारीक झालाय, वजन सरकतंय. फक्त एक पथ्य पाळलं. सेलपासून मॉड्यूलपर्यंतच्या वायरी जाड केल्या, कारण एक अँपिअरला बारीक वायरीतच दोन-तीन दशांश व्होल्ट सांडत होते, आणि ते सांडलं की मॉड्यूल आणखी ओढतं. स्विचही मॉड्यूलच्या आधी बसवला. या जातीचा बूस्ट बंद केला तरी सेलची वीज कॉइल आणि डायोडमधून पुढे झिरपत राहते, त्यामुळे पुढे स्विच लावून सेल वाचत नाही.

मग राहिला आवाज. अॅम्प्लिफायर बदलला, खेळ सुरू झाला, आणि खेळ गप्प असतानाही स्पीकरमधून डासासारखी बारीक शीळ. स्क्रीनवर काही उजळ आलं की शीळ बदलायची. अण्णांना ती ऐकू येत नव्हती, लेकीला मात्र माझ्याहूनही जास्त. ठोके ऐकू येण्याच्या पलीकडचे असले तरी भार हलका झाला की हे मॉड्यूल मधले ठोके गाळतं, आणि त्या गाळण्याची लय कानाच्या टप्प्यात येते. कपॅसिटर वाढवले. कमी झाली, गेली नाही.

“सगळ्यांना एकाच बीमवरून धागा देतेस काय?” अण्णांनी विचारलं. “टॉवेलला दोन बीम असतात. जमिनीचा ताणा, म्हणजे खालच्या कापडाचा, कडक, वरच्या लूपचा सैल. एकाच बीमवर दोन्ही चढवले तर टॉवेल होतच नाही.”

दुसरा रेग्युलेटर घालायला खोक्यात जागा नव्हती, पण वाट वेगळी करता येत होती. आवाजाच्या चिपला जाणाऱ्या धाग्यात एक छोटी कॉइल आणि तिच्यामागे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मुख्य म्हणजे परतीच्या वायरी. स्क्रीन, गेम आणि आवाज, तिघांची वीज परत सेलकडे एकाच बारीक वायरीतून येत होती. स्क्रीनचं भरणं-ओसरणं त्या वायरीत आवाजाला ऐकू जात होतं. तिन्हीच्या परतीच्या वायरी सुट्या करून मॉड्यूलच्या एकाच टोकाला आणून डागल्या. रात्रीचा एक वाजला होता. लेक झोपली होती, म्हणून सकाळी शाळेत जाण्याआधी तिच्या कानाशी धरला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. नाही, काही नाही.

७८०५ मी शेवटी काढला. वाहवा मिळवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तीन डाग वितळवायचे आणि ओढायचं. पण हात थांबला होता. बल्ब पिवळा पडायचा तेव्हा याने एकट्याने आमचा खेळ उभा ठेवला होता. त्याचे पाय सरळ केले आणि अण्णांच्या पितळी शटलच्या टोकाजवळ, शोकेसमध्ये ठेवला.

परवा रविवारी पूर्ण चार्ज करून दुपारी दोनला लावला. दादा हैदराबादहून आला होता. तो आणि लेक आळीपाळीने खेळत होते, सातव्या स्टेजला जाऊन मरत होते, पुन्हा सुरू करत होते. चारच्या सुमारास लाईट गेली. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली. दादाने सवयीने रिमोट खाली ठेवल्यासारखे हात सैल केले आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो काही बोलला नाही. पुढे खेळत राहिला. अण्णा मधूनमधून खोक्याच्या पाठीला तळवा लावून बघत होते.

सहा पन्नासला स्क्रीन एकदम गेला. न चाचरता, न बिघडता. चार तास पन्नास मिनिटं.

“बीम संपला?” अण्णांनी विचारलं.

“संपला,” मी म्हटलं, आणि चार्जरची वायर शोधायला उठले.